ताश्कंदमध्ये उसवलेलं ठिगळ

ताश्कंदहून परत येऊन बारा दिवस झाले. या बारा दिवसांत शुक्रवार पेठेतल्या एकानंही मला तिथली हवा कशी होती, माणसं कशी होती हे विचारलेलं नाही. दूधवाला, किराणा दुकानदार, समोरच्या वहिनी, सगळ्यांचा प्रश्न एकच, "मेडल आलं का?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो आणि वर "असू द्या, असू द्या" म्हणून माझंच सांत्वन करतात. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. पुढच्या वेळी कुणी विचारलं की कागद हातात ठेवायचा.

निघण्याआधी, सोलापूर

मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं ते त्यातूनच झालं.

ऋतुजा माझ्या धाकट्या भावाची, दत्ताची मुलगी. दत्ताची शेती करमाळ्याकडं. बारावीनंतर पोरगी शिकायला माझ्याकडं आली आणि कॉलेजात कुणीतरी तिच्या हातात एअर रायफल दिली. तेव्हापासून चार वर्षं माझ्या घरात दुसरा विषय नाही. कुंभारीच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये नेमबाजीची रेंज आहे, तिथं ती रोज सकाळी जाते. खेळ बघण्यासारखा अजिबात नाही. दहा मीटरवर हाताच्या तळव्याएवढं लक्ष्य, त्याच्या मधोमध पूर्णविरामाएवढा ठिपका. त्याला छर्रा लागला की दहा गुण, अगदी नेमका मधोमध लागला तर दहा पूर्णांक नऊ. असे साठ छर्रे मारायचे. तासभर पोरगी खांबासारखी उभी असते आणि काहीही घडत नाही. मी एकदा बघायला गेले आणि डुलकी काढून आले.

जॅकेट मात्र बघण्यासारखं असतं. कॅनव्हास आणि चामड्याचं, इतकं ताठ की कोपऱ्यात ठेवलं तर आपलं आपण उभं राहतं. डावं कोपर कमरेच्या हाडाजवळ टेकवून त्यावर रायफल तोलायची असते, त्यामुळं आतलं अस्तर नेमकं तिथंच झिजतं. ऋतुजाचंही फाटलं होतं. विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी तिची निवड झाली, दिल्लीतलं शिबिर झालं, आणि निघायला तीन आठवडे उरले असताना ती कमलाभवानीच्या दर्शनाला करमाळ्याला गेली. मी म्हटलं, इतक्या देशांच्या पोरी येणार, त्यांच्यासमोर आपल्या पोरीनं फाटकं घालून उभं राहायचं? कपाटात जपून ठेवलेला सोलापुरी चादरीचा तुकडा काढला, त्याची दुहेरी घडी केली आणि आतून ठिगळ लावलं. ते धूड मशिनवर जाईना, म्हणून बोटात अंगुस्तान चढवून हातानं शिवलं. दुहेरी टीप घातली. एकेरी टीप घालणाऱ्या मुलीला मी वर्गाबाहेर काढत असे.

पोरगी परत आली, ठिगळावर हात फिरवला आणि म्हणाली, "छान झालंय, आत्या." बस्स. दोन दिवस पाठ मोडून शिवलं त्याचं एवढंच कौतुक. मी म्हटलं, "माझं शिवलेलं आजवर कुणाला उसवावं लागलेलं नाही." तिनं जॅकेट उचलून आत नेलं. ती एकूणच कमी बोलते, आणि त्याचा मला कायम वैताग येतो.

त्यानंतर तिचे गुण घसरायला लागले. रोज दुपारी विचारावं तर आदल्या दिवसापेक्षा कमी. मी तिला स्पष्ट सांगितलं की हे सगळं त्या मोबाईलमुळं होतंय. एवढी मोठी स्पर्धा तोंडावर आलीय आणि हिचं लक्ष ठिकाणावर नाही. हे मी तिला सलग आठ दिवस सांगितलं. ती मान खाली घालून जेवत राहायची.

दिल्लीचा विमानतळ

प्रवासाचं रडगाणं गात नाही, फक्त एवढं एक सांगते. ऋतुजा संघाबरोबर आधीच गेली होती. मी आणि दत्ता मागून निघालो. दत्ताला मी सोलापूर स्टेशनवरच बजावलं होतं की कुणी काही विचारलं तर मी बोलेन. तरी खिडकीतल्या अधिकाऱ्यानं कशासाठी चाललात असं विचारलं आणि हा माझ्या खांद्यावरून पुढं वाकून म्हणाला, "लडकी के पास बंदूक हाय. वो आगे गयी, हम पीछे जाता."

आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं. बॅगा उघडल्या. माझ्या बॅगेत साड्या, स्वेटर आणि शिवणाचा डबा निघाला. दत्ताच्या बॅगेत चाळीस कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचा डबा निघाला. एकानं भाकरी टेबलावर आपटून बघितली. दत्तानं तिचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि त्या माणसाच्या हातात ठेवली. त्यानं खाल्ली. मग ऋतुजाचे मोबाईलमधले फोटो दाखवले, तेव्हा कुठं सुटका झाली.

"बघ आक्का," दत्ता विमानात म्हणाला, "भाकरीनं काम केलं का न्हाय?"

मी खिडकीकडं तोंड करून बसले.

ताश्कंद, पहिले दोन दिवस

स्पर्धेच्या स्वयंसेवकांपैकी काहींनी खेळाडूंच्या नातलगांना आपापल्या घरी उतरवून घेतलं होतं. आम्ही गुलनोराबाईंकडं होतो. बाई पन्नाशीच्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आणि रेंजवर दिवसभर स्वयंसेविकेचं काम. त्या फोनमध्ये उझबेक बोलायच्या आणि फोन आमच्याशी हिंदीत बोलायचा. फोनचं हिंदी दत्तापेक्षा बरं होतं.

शहर चांगलं आहे, हे मान्य करते. रुंद रस्ते, दोन्ही कडांना झाडं, आणि झाडांच्या मुळाशी पाट काढून सोडलेलं पाणी. आमच्या पेठेत चार-पाच दिवसांनी नळ येतो आणि इथं रस्त्याच्या कडेनं पाणी नुसतं वाहतंय. दत्ता तर पहिल्या पाटापाशीच उकिडवा बसला. "हे पानी फुडं कुटं जातंय?" असं त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्या तिघांना मराठीत विचारलं. तिघांनीही थांबून, हातवारे करून, त्यांच्या भाषेत उत्तर दिलं. "मानसं लई चांगली हायती की," दत्ता म्हणाला. मी उन्हात उभी होते.

जेवणाचं मात्र बोलायलाच नको. पलोव म्हणून मोठ्या परातीत भात येतो, त्यात गाजर आणि वर मटण. मटण लुसलुशीत शिजवतात, पण तिखटाचा पत्ता नाही. मटणात तिखट नाही म्हणजे मग ते शिजवलं कशाला? दत्तानं त्यावर चटणी भुरभुरली आणि शेजारच्या म्हाताऱ्यालाही वाढली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यानं पुन्हा मागून घेतली. त्याच पंगतीत दत्तानं त्यांची ती जाड गोल रोटी पालथी ठेवली, तर म्हाताऱ्यानं ती उचलून सुलटी केली. अन्न पालथं घालत नाहीत म्हणे. हे मला आवडलं. तिथं आवडलेली ही पहिली गोष्ट.

चहावरून मात्र मी रागावले. गुलनोराबाईंनी पहिल्या संध्याकाळी वाडग्यासारख्या पेल्यात चहा दिला तो अर्ध्याहूनही कमी. बिनदुधाचा, बिनसाखरेचा, आणि तोही घोटभर. सोलापुरात कुणी मला असा कप दिला तर मी त्याच्याकडं पुन्हा जायची नाही. दुसरा ओतला, तोही तेवढाच. मी दत्ताला म्हटलं, "आपण जड झालोय बघ या बाईला." दत्ता म्हणाला, "आगं, परत वततीया की. पी की निवांत."

मी फोनमधूनच विचारायचं ठरवलं. त्यावर बाई हसल्या. फोन म्हणाला की जो पाहुणा बसावा असं वाटतं, त्याला थोडा थोडा चहा द्यायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. पेला काठोकाठ भरला की समजायचं, आता निघा. आपण रागावलो ते चुकीचं होतं हे मला कळलं, पण ते फोनला सांगायची माझी तयारी नव्हती.

तिसरा दिवस, रेंज

ऋतुजाचा सामना चौथ्या दिवशी होता. आदल्या दिवशी सगळ्यांच्या सामानाची तपासणी असते. आम्हीही गुलनोराबाईंबरोबर रेंजवर गेलो.

फाटकावर माझी पर्स तपासली आणि रखवालदारानं माझी धागे कापायची कात्री काढून घेतली. बोटभर कात्री. मागून बायका-पोरी खांद्यावर रायफली अडकवून आत चालल्या होत्या, एकीच्या हातात तर दोन पिस्तुलांची पेटी होती, आणि धोका कुणाचा तर माझा. मी मराठीत त्याला दोन शब्द सुनावले. त्यानं मान डोलावली आणि कात्री खोक्यात टाकली.

तपासणीच्या खोलीत नातलगांना सोडत नाहीत. आम्ही बाहेरच्या ओसरीत बाकावर बसलो. साडेतीनच्या सुमाराला संघाच्या प्रशिक्षक मॅडम बाहेर आल्या. त्या नाशिकच्या, दिल्लीच्या शिबिरापासून ऋतुजा त्यांच्या हाताखाली. त्यांच्या हातात जॅकेट होतं, आणि मागं ऋतुजा होती.

"हे आतून कुणी शिवलं?" मॅडमनी विचारलं.

"मी," मी म्हटलं, आणि सांगताना ताठ बसले. कुणीतरी विचारलं तरी एकदाचं.

मॅडमनी जॅकेट माझ्या मांडीवर ठेवलं. "मावशी, या जागी कापडाची जाडी अडीच मिलिमीटरच्या वर चालत नाही. जाड असलं की शरीराला जास्तीचा आधार मिळतो, म्हणून नियम आहे. इथं चार भरतेय. दिल्लीच्या शिबिरात हेच जॅकेट पास झालं होतं."

"त्यांचं मशिन बिघडलं असेल," मी म्हटलं.

"मशिन बरोबर आहे. पुन्हा एकदाच दाखवता येतं, आणि खोली पाचला बंद होते. तोपर्यंत नाही झालं तर उद्या हिला जॅकेटशिवाय उभं राहावं लागेल. चार वर्षं ज्या आधारावर नेम धरलाय, तोच नसेल."

ऋतुजा भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. मला वाटलं होतं ती रडेल, पण तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

ठिगळ काढायचं, बस्स, एवढंच काम होतं. पण हातात काही नव्हतं. कात्री फाटकावर. दत्तानं जॅकेट उचललं आणि दातानं धागा तोडायला लागला. सोलापूरचा धागा, मी मेण लावून पक्का केलेला. "आक्का, ह्ये काय शिवलंयस गं," तो म्हणाला, "दात पडंल की माजा."

"तू गप बस."

"चाकू बघू का कुटं?"

"इथं चाकू मागत फिरलास तर आपण दोघं आत जाऊ."

गुलनोराबाई पलीकडून बघत होत्या. त्या आल्या, जॅकेटच्या आत हात घातला, ठिगळ चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, "अस्तर?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. त्यांच्याकडंही अस्तरच म्हणतात. मी मान हलवली आणि दोन बोटांनी कात्री करून दाखवली, मग फाटकाकडं हात केला. बाई निघाल्या. त्या वयात एवढ्या जोरात चालणारी बाई मी पाहिली नव्हती. दहा मिनिटांनी आल्या तेव्हा बरोबर तो रखवालदार होता, आणि त्याच्या मुठीत माझी कात्री. नियमाप्रमाणं कात्री एकटी आत येऊ शकत नव्हती. त्यानं ती माझ्या हातात दिली आणि बाकाशेजारी उभा राहिला, शेवटपर्यंत.

ऋतुजा माझ्यासमोर खाली बसली आणि तिनं जॅकेट ताणून धरलं. मी उसवायला घेतलं. दुहेरी टीप, जवळजवळचे टाके, आणि प्रत्येक टाका सुटा कापायचा, नाहीतर कॅनव्हास फाटणार. मी कुणावर तरी चिडावं म्हणून डोक्यात शोधत होते. नियम करणाऱ्यांवर, मशिनवर, मॅडमवर, दत्तावर. प्रत्येक टाका माझाच निघत होता.

"मला आधीच जाड वाटलं होतं," ऋतुजा हळूच म्हणाली.

"आधी म्हणजे कधी?"

"करमाळ्याहून आले त्याच दिवशी. हात लावल्यावरच."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं जॅकेट आणखी ताणून धरलं. मी कात्री थांबवली. "ऋतुजा, का बोलली नाहीस?"

"तू रागावली असतीस."

"मी?"

दत्तानं तोंड दुसरीकडं वळवलं. तो हसत होता की काय, मी पाहिलं नाही.

"तू म्हणालीस, माझं शिवलेलं कुणी उसवत नाही," ती म्हणाली. "मी एकदा कात्री घेतली होती. तू स्वयंपाकघरातून आलीस, मग ठेवली. वाटलं, चालून जाईल."

"आणि रेंजवर? सरावाला त्रास झाला असेल की."

"कोपर जागेवर बसत नव्हतं. घसरत होतं."

म्हणजे ते गुण. ते आठ दिवस, तो मोबाईल, ती खाली घातलेली मान. परक्या मुलखातल्या मशिनसमोर जाऊन बाद व्हायला ही पोरगी तयार होती, पण माझ्यासमोर 'आत्या, हे चुकलंय' म्हणायला तयार नव्हती. माझा राग मी आजवर घरातली शिस्त समजत आले होते. मला लाज वाटली. खूप वाटली. पण चार वाजून गेले होते, आणि लाज वाटून टाके सुटत नसतात.

पाऊण तासात ठिगळ निघालं. बारीकसारीक धागे ऋतुजानं नखानं वेचले. पाचला दहा मिनिटं असताना मॅडम जॅकेट घेऊन आत गेल्या. बाहेर आल्या त्या ओठ मुडपून, आणि मग एकदम हसल्या. "दोन पूर्णांक तीन."

रखवालदारानं माझ्यापुढं हात पसरला. मी कात्री त्याच्या हातावर ठेवली. या वेळी काही बोलले नाही.

चौथा दिवस

सामन्याबद्दल थोडंच सांगते, कारण बघण्यासारखा खेळ नाही हे आधी सांगितलंय. फक्त त्या दिवशी मला डुलकी आली नाही. पोरी ओळीनं उभ्या, प्रत्येकीपुढं पडद्यावर ठिपके उमटतात आणि गुण दिसतात. मी ऋतुजाच्या डाव्या कोपराकडं बघत होते. ते कमरेला टेकलेलं होतं आणि हलत नव्हतं. दत्ता प्रत्येक छर्ऱ्याला "बसला, बसला" म्हणत होता, पुढं बसलेल्या माणसानं वळून बघेपर्यंत.

ती दहावी आली. अंतिम फेरीत पहिल्या आठच जातात. आठवीपेक्षा एका गुणानंही ती मागं नव्हती, काही दशांशांनीच होती.

"मंजी हारली का जिकली?" दत्तानं विचारलं.

"दादा, आजवरचे माझे सगळ्यात जास्त गुण आहेत हे," ऋतुजा म्हणाली. बापाला ती दादा म्हणते. तिच्या कमरेला फाटक्या अस्तरानं घासून लाल वळ उठला होता, तो तिनं मला संध्याकाळी दाखवला. मी खोबरेल लावलं. तीन आठवडे सराव नीट झाला असता तर ते दशांश भरून निघाले असते का, हे मी तिला विचारलं नाही. उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं.

निघायच्या दिवशी गुलनोराबाईंनी चहा केला. अर्धा पेला. मग पुन्हा अर्धा. टॅक्सी दारात येऊन उभी राहिली, दत्ता बॅगा उचलायला लागला, तरी बाईंनी पेला भरला नाही. पुन्हा अर्धाच ओतला. मी तो संपवायला वेळ लावला. उरलेल्या भाकऱ्या आणि चटणीचा डबा मी त्यांच्या ओट्यावर ठेवून आले.

पुन्हा सोलापूर

परवा ऋतुजासाठी ब्लाऊज शिवला. तिच्या मैत्रिणीचं लग्न आहे. तिनं घातला, आरशात बघितलं, हात वर करून बघितला. मी मशिनपाशी बसून वाट बघत होते. सवयीनं तोंडात आलंच होतं की कसा बसलाय बघ, एक सुरकुती नाही.

ती वळली. खांद्याची शिवण चिमटीत धरली. मग म्हणाली, "आत्या, खांद्यात घट्ट होतोय. आणि गळा मला एवढा बंद नको होता."

संताप आला. तीन दिवस खपले होते त्या ब्लाऊजवर. मी हात पुढं केला आणि म्हटलं, "दे इकडं."

उसवायला बसले. दुहेरी टीप, वेळ लागणारच होता. ती समोर पाटावर बसली, आणि तेवढ्या वेळात तिनं मला अजून काय काय चुकतं ते सांगितलं. आमटीत चिंच फार असते. ती अभ्यास करताना मी रेडिओ मोठ्यानं लावते. तिच्या मैत्रिणी घरी यायला घाबरतात. मी सगळं ऐकून घेतलं. सहावं की सातवं सुरू झालं तेव्हा म्हटलं, "आता बास. बाकीचं उद्या सांग."